देहदान: फॉर्म भरला, पण घरी सांगितलंय का?

हा मेडिकल कॉलेजचा डिसेक्शन हॉल. फर्स्ट इयरची पोरं टेबलाभोवती उभी आहेत, दंडातली मोठी रक्तवाहिनी शोधायचं काम चाललंय. पुस्तकात दिलंय की ती कोपराच्या खळग्यात येऊन दोन फांद्यांत फुटते, पण या हातात ती पार वर, काखेजवळच फुटलीये. पोरं परत परत बघतात, मग मॅडमना बोलावतात. मॅडम म्हणतात, असतं काही जणांचं असं, नीट बघून ठेवा. उद्या यातलंच कोणीतरी अशाच एखाद्या हाताचं ऑपरेशन करणार आहे. थ्रीडी मॉडेल कितीही भारी असू दे, त्यात सगळ्यांचे हात सारखेच असतात.

ज्यांचा हा हात, त्यांनी जिवंतपणीच ठरवलं होतं, की गेल्यावर आपला देह शिकायला कॉलेजला द्यायचा. एकेकाळी कॉलेजांची भिस्त बेवारस मृतदेहांवर असायची, १९४९ च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी (म्हणजे शरीररचना) अ‍ॅक्टने ती सोय केली होती. आता माणसं स्वतःहून नाव देतात, आणि मला ही खरंच फार मोठी गोष्ट वाटते.

२०१० सालचंच बघा. जानेवारीत कोलकात्यात ज्योती बसू गेले, फेब्रुवारीत चित्रकूटला नानाजी देशमुख, आपल्या हिंगोलीच्या कडोळीचे. एक कम्युनिस्ट, एक संघाचे, राजकारणात दोन टोकं, पण देहदान दोघांनीही केलं. बसूंचा देह एसएसकेएम हॉस्पिटलला गेला, नानाजींचा थेट दिल्लीला एम्समध्ये. चित्रकूट ते दिल्ली अंतर केवढं! आधी सगळं ठरलेलं असल्याशिवाय हे होतच नाही.

फॉर्म भरणं सोपंय हो. अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटला जायचं, फॉर्म घ्यायचा, साक्षीदारांच्या सह्या, झालं. पण शेवटचा फोन घरच्यांनीच करायचा असतो, आणि त्यांनी नाही केला तर कॉलेज काही आपणहून दारात येत नाही.

रात्री दोनला घरातलं माणूस जातं, शेजारी जमतात, कोणीतरी सामान आणायला निघतं, कोणी म्हणतं गुरुजींना कळवा, आत्या रडत विचारते अग्नी नाही दिला तर दादाला गती कशी मिळणार, थोरला अमेरिकेत, धाकट्याला फॉर्म कुठल्या कपाटात आहे तेच माहीत नाही. अशात देहदान राहूनच जातं. आत्याचा यात काही दोष नाही, तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आत्ताच बोलून ठेवा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो, त्यावर कारण लिहिलेलं हवं. डोळे द्यायचे असतील तर साधारण सहा तासांच्या आत, आणि नेत्रदान करूनही देहदान करता येतं. पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी असं काही असेल तर कॉलेज सहसा देह घेत नाही, तेव्हा काय करायचं तेही घरात ठरलेलं असू दे. अस्थी लगेच मिळत नाहीत, बहुतेक वेळा मिळतच नाहीत, हे बायकोमुलांना आधीच माहीत हवं. दहावं-तेरावं करायचं असेल तर त्याला कोणी अडवत नाही.

थोरला येईपर्यंत थांबता येईल का, देह कुठे ठेवायचा, गाडी कोण पाठवणार, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलतं, हे त्या कॉलेजलाच विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि बहिणीला मात्र फोनवर नको, घरी जाऊन, समोर बसून, तुम्ही स्वतः सांगा.