दार दोन्ही बाजूंनी बंद होतं

नमस्कार. मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

२६ डिसेंबर २०२३ ला पहाटे मुंबई विमानतळावर एक विमान उतरलं, आत २७६ माणसं, आणि त्यातल्या कुणालाच मुंबईला यायचं नव्हतं. विमान निघालं होतं यूएईमधून, चाललं होतं निकाराग्वाला, आणि तेल भरायला फ्रान्समधल्या व्हात्री नावाच्या एका छोट्या विमानतळावर थांबलं तर पोलिसांनी अडवलं. आत तेव्हा ३०३ प्रवासी होते, बहुतेक भारतीय; त्यातले काही पुढं फ्रान्समधेच राहिले. आता मला सांगा, तीनशे भारतीय माणसं ऐन नाताळात निकाराग्वाला कशाला जातील हो? तिथं ना आपलं कुणी, ना बघायला जायची जागा. पण तिथला व्हिसा तेव्हा सोपा होता आणि तिथून वर होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिको करत अमेरिकेच्या बॉर्डरपर्यंत जाता येतं, यालाच डंकी म्हणतात. पुढं ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ जणांना घेऊन आलं, हातापायांत बेड्या घालून आणलेलं आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्यात तीन जण महाराष्ट्रातले होते, हे मात्र फार कुणाच्या लक्षात नाही.

मी वकील नाही हे आधीच सांगते. न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात गेली १९ वर्षं मी फॉर्म भरते, फायली लावते, लोकांची रडगाणी ऐकते. संयोजकांनी कार्डावर विषय छापलाय ‘बेकायदा स्थलांतर : उपाय काय?’ तर खरं सांगू का, नवीन उपाय असा एकही उरलेला नाही. अमेरिकेनं जवळजवळ सगळे करून बघितलेत, काही चालले, काही उलटे बसले, आणि जे चालले ते बऱ्याचदा मधेच सोडून दिले. मी आज तेवढंच सांगणार आहे.

मी मूळची सांगलीकडची. लहानपणी दिवाळी झाली की आमच्या गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहायच्या, बीडकडनं टोळ्या यायच्या ऊसतोडीला, बायका, पोरं, बैलं सगळं घेऊन, आणि कारखान्याचा पट्टा पडला की एका रात्रीत माळ रिकामा. मुकादमाची उचल, त्यातली लूट, हाल, ते सगळं होतंच, त्याबद्दल मी काही गोड बोलणार नाही. पण एक गोष्ट बघा, ही माणसं परत जायची. कारण घर तिकडं, म्हातारी माणसं तिकडं, आणि पुढच्या दिवाळीला परत येता येणार हे माहीत होतं.

अमेरिका आणि मेक्सिकोचं अगदी हेच चाललेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शेतावर माणसं मिळेनात म्हणून १९४२ साली मेक्सिकोशी करार झाला, ब्रासेरो योजना, ब्रासेरो म्हणजे हातानं काम करणारा मजूर. ती चालली १९६४ पर्यंत आणि तेवढ्या काळात ४६ लाखांच्या आसपास कंत्राटं झाली. माणूस यायचा, सॅलड, कापूस, बीट काढायचा, परत जायचा. फसवणूकही भरपूर, सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के कापून बचत खात्यात टाकायचे आणि ते पैसे कित्येकांना कधी मिळालेच नाहीत. म्हणून योजना बंद करा म्हणणारे लोक काही चुकीचे नव्हते. पण झालं काय, की योजना बंद केली आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही. उलट १९६५ च्या कायद्यानं पहिल्यांदाच मेक्सिको धरून पश्चिम गोलार्धातल्या सगळ्या देशांवर मिळून वर्षाला १,२०,००० ची मर्यादा घातली, आणि १९७६ मधे मेक्सिकोला एकट्याला २०,०००. शेतं तीच, मालक तेच, मजूर तेच, पीकसुद्धा तेच. फक्त काल कायदेशीर होता तो आज बेकायदा झाला. तरीही तो येत होता आणि सीझन संपला की परत जात होता, कारण बॉर्डर ओलांडणं म्हणजे फार तर एक-दोन रात्रींचा त्रास.

मग १९९४ मधे मेक्सिकोच्या सीमेवरच्या सॅन दिएगोला ऑपरेशन गेटकीपर सुरू झालं, कुंपण, दिवे, गाड्या. बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे सीमेवर पहारा देणारी, माणसं १९९२ ला चार हजारांच्या आसपास होती ती २०११ पर्यंत २१,००० च्या वर गेली. आणि याच काळात अमेरिकेत बेकायदा राहणाऱ्यांची संख्या? १९९० ला अंदाजे ३५ लाख, २००७ ला १ कोटी २२ लाख. पहारा पाचपट केला आणि लोक तिपटीनं वाढले! हे कसं काय, तर शहराजवळचा रस्ता बंद झाला म्हणून लोक ॲरिझोनाच्या वाळवंटातून यायला लागले, वाटाड्याचे दर वाढले, माणसं तहानेनं मरायला लागली, १९९८ ते २०२० मधे बॉर्डर पेट्रोलच्याच नोंदीत आठ हजारांच्या आसपास मृत्यू आहेत. आणि एवढं करून जो एकदा आत पोचला तो म्हणाला की आता परत जायचं नाही, कारण परत यायला पुन्हा तेवढेच पैसे आणि पुन्हा जिवाची भीती, त्यापेक्षा बायकोपोरांनाच इकडं आणतो. म्हणजे बीडच्या टोळीला कुणी सांगितलं असतं की दरवर्षी येताना दोन लाख द्यायचे आणि वाटेत मरायची तयारी ठेवायची, तर आमच्या माळावरच्या कोप्या कधी उठल्या असत्या का? लोकांना वाटतं दार फक्त येणाऱ्याला अडवतं, ते जाणाऱ्यालाही अडवतं.

१९९६ च्या कायद्यानं त्यावर कुलूपच घातलं. सहा महिन्यांहून जास्त बेकायदा राहून देशाबाहेर गेलात तर तीन वर्षं बंदी, एक वर्षाहून जास्त राहून गेलात तर दहा वर्षं. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी लोकांना मी हे सांगितलंय, की तुमची बायको सिटिझन आहे, तुम्हाला ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण मुलाखतीला देशाबाहेर जावं लागेल आणि बाहेर पाऊल टाकलं की दहा वर्षं. माफीचा अर्ज असतो त्याला, पण तो मंजूर होईलच असं नाही. मग ते म्हणतात, राहू द्या ताई, आहे तसंच बरं आहे. भिंतीबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही, कारण व्हिसा घेऊन रीतसर विमानानं आलेले आणि मुदत संपल्यावर राहिलेलेही लाखोंनी आहेत, त्यांच्यापुढं भिंत काय करणार?

आता मालकाकडं येऊ. माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे, म्हणून इथं जरा थांबते.

१९८६ मधे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर सही केली, सौदा असा होता की आत आहेत त्यांना एकदाच माफी, आणि इथून पुढं बेकायदा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. २७ लाख लोकांना कागद मिळाले, तो अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा? कायद्यात शब्द घातला ‘जाणूनबुजून’. जाणूनबुजून ठेवलं तर दंड. आणि कागद बघायचे ते फक्त वरवर खरे वाटले की पुरे. म्हणजे मालकानं कार्ड बघितलं, फॉर्म भरला, ड्रॉवरमधे ठेवला, सुटला. खोटी कार्डं बनवायचा धंदा मात्र जोरात. आणि पुढं बरेच मालक मधे कंत्राटदार घालायला लागले, माणसं त्याची, जबाबदारी त्याची, आम्हाला काय ठाऊक. मुकादम आठवतोय ना?

यावर उपाय आहे, ई-व्हेरिफाय, कॉम्प्युटरवर नाव आणि नंबर तपासायचा. पण बहुतेक राज्यांत खासगी मालकाला सक्ती नाही, आणि दुसऱ्या कुणाचं खरं नाव-नंबर वापरलं की कॉम्प्युटर पास करतो. शिवाय खरंच कडक केलं तर काय होतं तेही दिसलंय. २०११ साली जॉर्जिया राज्यानं कडक कायदा केला, मजूर घाबरून दुसऱ्या राज्यांत निघून गेले, आणि काकडी, ब्लॅकबेरी शेतात सडायला लागली. गव्हर्नर म्हणाले प्रोबेशनवरच्या, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली असलेल्या, गुन्हेगारांना तोडणीला पाठवा. पाठवले, तर त्यातले बरेच जण काही तासांत उन्हातून निघून गेले. मला यात हसू येतं, पण त्या शेतकऱ्याचं नुकसान खरं होतं. म्हणून मी म्हणते की मालकाला पकडायचं असेल तर त्याच दिवशी त्याला कायदेशीर मजूर मिळायची सोयही करा, दोन्ही एका दमात. एकटं एक केलं की फसतं, १९६४ ला पण तेच आणि २०११ ला पण तेच.

सोय आहे तशी, एच-२ए व्हिसा, शेतीच्या हंगामी कामासाठी, त्याला वर्षाची मर्यादा नाही आणि अलीकडं वर्षाला ३ लाखांच्या वर जागा त्यातून मंजूर होतायत. याचा अर्थ मालकांना कायदेशीर रस्ता दिला तर ते वापरतात. खोट दोन ठिकाणी आहे. एक, माणूस एकाच मालकाला बांधलेला, भांडला की घरी. दुसरी तर गंमतच आहे, व्हिसा हंगामी कामाचा असल्यामुळं दूध डेअरीला मिळत नाही, कारण गाय बारा महिने दूध देते. तेव्हा गोठ्यांत काम कोण करतं ते तुम्हीच ओळखा.

आणि ते ‘लाइनीत उभं राहून या ना’ म्हणणारे, त्यात आपले मराठी इंजिनीअरही खूप असतात, मंडळाच्या गणपतीत मला हमखास भेटतात. त्यांचा राग मला कळतो, एका देशाला ग्रीन कार्डांपैकी जास्तीत जास्त ७ टक्के या नियमामुळं भारतीय माणूस ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षं ताटकळतो आणि त्याला वाटतं हा मागनं येऊन घुसला. पण बिगरकुशल मजुरासाठी नोकरीवरची ग्रीन कार्डं कायद्यानं वर्षाला जास्तीत जास्त १०,०००, अख्ख्या जगासाठी. ती लाइन कुठली, ते तर तिकीट खिडकी बंद असलेलं स्टेशन झालं.

डंकीवाले पोचल्यावर काय करायचे, तर असायलम मागायचे, म्हणजे मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून आसरा. २०२४ च्या अखेरीला इमिग्रेशन कोर्टात ३५ लाखांच्या वर केसेस तुंबल्या होत्या, त्यामुळं निकालाला वर्षं लागायची आणि अर्ज केल्यावर सहा महिन्यांनी वर्क परमिट मिळू शकायचं. एजंट विकायचा ते हेच, ही मधली वर्षं. याच रोगावर १९९५ मधे औषध सापडलं होतं. तेव्हा नियम बदलला, अर्ज करताच परमिट देणं बंद, आणि नवीन अर्ज आधी काढायचे, सहा महिन्यांत निकाल. वर्षभरात नवे अर्ज निम्म्याच्याही खाली आले, ना भिंत ना बेड्या. ज्याला खरंच जिवाची भीती होती त्याला लवकर आसरा, खोट्याला लवकर नकार. नुसतं जास्त माणसं आणि जज नेमायचं काम होतं. पण त्यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काही नसतं ना, पुढं पैसे कमी पडत गेले आणि ढीग परत साठला.

आता कागदांशिवाय अमेरिकेत आहेत त्यांचं काय? २०१३ ला सेनेटमधे ६८ विरुद्ध ३२ नं मोठं बिल पास झालं, खालच्या सभागृहात मतालाच आलं नाही. पण एक छोटी तरतूद १९२९ पासून कायद्यात पडून आहे, रजिस्ट्री, अमुक तारखेच्या आधीपासून अमेरिकेत असाल आणि चालचलन चांगलं असेल तर कागद मिळतात. ती तारीख अधूनमधून पुढं सरकवायचे. शेवटची सरकवली १९८६ ला, ती आहे १ जानेवारी १९७२. आजही तीच! एका ओळीतली तारीख बदलायची आहे, माझ्या ऑफिसातल्या निम्म्या फायली बंद होतील.

शेवटी आपल्याकडचं. परत आलेली मुलं सांगतात एजंटला ४०-५० लाख दिले. शेकडा दोननं व्याज धरा, ४५ लाखांवर महिन्याला ९०,००० नुसतं व्याज. आता हा मुलगा बेड्या घालून परत आला तर गावात कुठल्या कामावर फेडणार? डॉलरशिवाय फिटतच नाही, मग तो पुन्हा निघतो. म्हणून परत पाठवून माणूस घाबरतो असं मला वाटत नाही, एजंटकडून पैसे वसूल झाले तर कदाचित थांबेल. पंजाबनं २०१२ मधे एजंटांना लायसन्सचा कायदा केला, धंदा तरी चालूच आहे.

एक रस्ता मला पटतो, अदलाबदलीचा. ब्रिटननं २०२१ मधे भारताशी करार केला, बेकायदा राहिलेल्यांना तुम्ही परत घ्या, आम्ही वर्षाला ३,००० तरुणांना दोन वर्षांचा व्हिसा देतो. आकडा लहान आहे, पण दोन्ही गोष्टी एका कागदावर आहेत. आपल्या राज्यानंही २०२४ मधे जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केलाय, १०,००० जणांना जर्मन शिकवून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर म्हणून पाठवायचं. ते कसं चाललंय हे इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात कुणी तो क्लास लावला असेल तर त्यांनीच सांगावं, मला खरंच ऐकायचंय. त्या खांबाजवळच्या ताईंचा हात मघापासून वर आहे. बोला ताई, माईक द्या त्यांना.