घाटकोपर सुटल्यावर

(संध्याकाळ. फास्ट लोकलच्या उघड्या दारातून मागे पळणारे रूळ.)

घाटकोपर सुटलं. आता थेट ठाणे. मधल्या वेळात ही गाडी कुठंच थांबणार नाही. लेडीज डब्यात पार्टिशनला टेकून एक बाई उभी आहे. रोजचीच गाडी, रोजचीच गर्दी. कांजुरमार्ग मागे पडतं आणि तिच्या छातीत एकदम धडधडायला लागतं. बोटांना मुंग्या येतात. डब्यातले आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. डोक्यात एकच विचार, आपण आता मरतो.

ठाणे येईपर्यंत सगळं ओसरू लागलेलं असतं. छातीत असं काही झालं तर तपासून घ्यायलाच हवं, तसं ती घेते. इसीजी नॉर्मल येतो. "गॅसेस असतील," घरचे म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून ती स्लो लोकल पकडते.

(भिंतीवर पाल. ट्यूबलाइटचा उजेड.)

पालीची भीती वाटणारी माणसं घरोघरी असतात. काहींची भीती इतकी असते, की पाल दिसली की घाम, धडधड, श्वास कोंडणं, सगळा पॅनिक अटॅकच येतो. पण त्यांना कारण ठाऊक असतं. पाल गेली की जिवात जीव येतो. अशा ठरावीक गोष्टीच्या भीतीला, म्हणजे फोबियाला, पत्ता असतो.

लोकलमध्ये आलेला तो झटकाही पॅनिक अटॅकच, पण त्याला पत्ताच नव्हता. आणि बिनपत्त्याची भीती माणसाला सोसत नाही. मन मग मिळेल तो पत्ता त्यावर लिहून टाकतं: फास्ट लोकल. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं पुढं लिफ्ट, थिएटरातली मधली खुर्ची, बँकेतली रांग, जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही अशी प्रत्येक जागा त्या यादीत चढते.

१८७१ साली बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल या मानसोपचारतज्ज्ञांनी तीन पुरुषांची हकीकत छापली. मोकळा चौक ओलांडायची वेळ आली की त्यांचे पाय पुढं पडेनात. सोबत कुणी असलं की जमायचं. बाजारचौकाचा ग्रीक शब्द घेऊन वेस्टफालनी या भीतीला नाव दिलं, अगोराफोबिया. नाव छान होतं, पण त्यामुळं लक्ष चौकावरच खिळून राहिलं.

(हॉस्पिटलचा लांब व्हरांडा.)

नव्वदएक वर्षांनी न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन हे डॉक्टर इमिप्रमिन हे औषध अशा रुग्णांना देऊन बघत होते. "मी मरतोय" म्हणत दिवसातून कितीदा तरी नर्सकडे धावणारे हे रुग्ण. काही आठवड्यांनी विचारलं, तर म्हणाले, काही फरक नाही. नर्स मात्र म्हणाल्या, धावत येणं बंद झालंय! झटके थांबले होते. बाहेर पडायची धास्ती तशीच होती. क्लाइननी ओळखलं, झटका आधी येतो, चौक नंतर. त्यांचं हे निरीक्षण मला फार आवडतं, कारण त्यातली निम्मी नजर नर्सची आहे.

मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी जोडलेला भाग नष्ट झालेली एक अमेरिकन बाई साप, कोळी, कशालाच भीत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली. ती भयानं गांगरून गेली. म्हणजे हा धोक्याचा भोंगा शरीराच्या आतूनही वाजतो.

आणि एकदा वाजला, की माणूस त्याच्यावर पाळत ठेवतो. जिना चढून छाती धडधडली तरी, "आलाच!" या धास्तीनं श्वास जोरात होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर आणि मुंग्या येतात, आणि धास्ती वाढते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे आपण टोमणा म्हणून वापरतो; इथं ते शब्दशः खरं ठरतं. "मी पडेन" ही भीती मात्र सहसा खरी ठरत नाही, कारण झटक्यात रक्तदाब बहुधा चढतो. रक्त किंवा सुई पाहून कोसळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा तो एकदम उतरतो.

म्हणून उपचारही गाडीपासून सुरू होत नाहीत. लोकलमधल्या त्या बाईला थेरपिस्ट फिरत्या खुर्चीत गरगर फिरवते. नाक धरून बारीक स्ट्रॉनं श्वास घ्यायला लावते. तीच चक्कर, तीच घुसमट, पण मुद्दाम आणलेली. दोघी हसतातही. मग स्लो लोकल, मग मैत्रिणीबरोबर फास्ट, मग एकटीनं.

(पुन्हा डबा. घाटकोपर.)

कांजुरमार्ग येतं. धडधड सुरू होते. ती पाण्याची बाटली काढत नाही, कुणाला फोन लावत नाही. भांडुप जातं, मुलुंड जातं. ठाण्याला उतरते, जिना चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जाते आणि सीएसएमटीकडे जाणाऱ्या फास्टची वाट बघत उभी राहते. आज दोन फेऱ्या ठरल्यात.