ट्रायल शोधायची कुठं आणि वाचायची कशी?

मंडळी, कुणी 'पुण्यात दम्यावर नवीन औषधाची ट्रायल चालू आहे' म्हणालं, तर आधी सीटीआरआय क्रमांक मागा. सीटीआरआय म्हणजे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेनं २००७ साली सुरू केलेली, माणसांवरच्या अशा चाचण्यांची (ट्रायलची) सरकारी नोंदवही. २००९ पासून आपल्याकडं औषधाची चाचणी तिथं नोंदवावीच लागते, आणि २०१८ पासून ती नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते. मोबाइलवरही ती फुकट बघता येते. कोणतं हॉस्पिटल, कोण डॉक्टर, एथिक्स कमिटीची (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षा बघणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, भरती सुरू आहे का, सगळं एका पानावर असतं.

त्या पानावर मी तुम्हाला निकषांपाशी, म्हणजे कुणाला घेणार आणि कुणाला नाही तिथं, थांबायला सांगेन. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला धाप लागते, आणि घरचे त्याला दमा म्हणतात. दम्याच्या बऱ्याच चाचण्यांत आधी फुंकून तपासणी करतात, मग पंप देऊन पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलीलिटरनी वाढली, तर प्रवेश. वाढली नाही, तर त्याची धाप कदाचित धुरानं झालेल्या सीओपीडीची (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची) असेल. असा नकार मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्यातून उपचाराची दिशा कळते. पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो: ट्रायलमध्ये बसावं म्हणून चालू पंप स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

वजनाचं वेगळंच. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) साधारण साडेसव्वीस. आपल्याकडं २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पण वजनाच्या औषधांच्या अनेक आंतरराष्ट्रीय चाचण्यांत ३० लागतो, किंवा सोबत दुसरा आजार असेल तर २७. म्हणजे हा माणूस तिथं बसत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेली 'सिलेक्ट' चाचणी बघा. १७,६०४ माणसं, सगळी पंचेचाळिशीच्या पुढची, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेली, बीएमआय २७ किंवा जास्त. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू, यांचं प्रमाण सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या औषधानं आठ टक्क्यांवरून साडेसहावर आलं. निकाल मोठाच आहे. पण मधुमेह असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं, आणि आपल्या घराघरांत साखर आहे! म्हणून मला वाटतं, मथळ्याआधी निकष वाचावेत.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, पोरांना वाचायला द्या. २०१९ च्या सरकारी औषध-चाचणी नियमांनुसार चाचणीमुळं इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईची तरतूद आहे. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार कुणी अडवू शकत नाही.

पुढच्या वेळी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा तुमच्या डॉक्टरांकडं जाताना तो सीटीआरआय क्रमांक चिठ्ठीवर लिहून न्या आणि विचारा: माझी चालू औषधं सुरू राहणार का? मला नुसती खोटी, औषध नसलेली गोळी मिळण्याची शक्यता किती? फेऱ्या किती, एसटीचं भाडं कोण देणार? आणि रात्री दोनला धाप लागली तर फोन कुणाला करायचा?