काटेझुडपाची सावली

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचे एक पुस्तक आहे. रविवारच्या उपदेशात ते क्वचितच निघते, कारण त्यात लढाया, सूड आणि दगाफटका यांचीच गर्दी आहे. पण गावोगाव ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या आणि पारावर त्याच गप्पा रंगू लागल्या, की मी या पुस्तकाचा नववा अध्याय हमखास उघडतो.

त्याची सुरुवात खरे तर आठव्या अध्यायात आहे. गिदोन या शास्त्याने, म्हणजे पुढाऱ्याने, मिद्यानी शत्रूंपासून इस्राएल लोकांची सुटका केली, तेव्हा लोक त्याला म्हणाले की आता तूच आमच्यावर राज्य कर. त्याने नकार दिला आणि राज्य परमेश्वराचे आहे असे सांगितले. इथवर सारे शोभणारे आहे. पण नकार देऊन झाल्यावर त्याने प्रत्येकाकडून लुटीतली सोन्याची कुंडले मागून घेतली, त्यांचे एक याजकी वस्त्र घडवले, आणि लोक त्या वस्त्राच्याच भजनी लागले. (पद नको, पण सोने हवे, असे पुढारी आपल्याही ओळखीचे आहेत, ते स्वतः कधी अर्ज भरत नाहीत, मात्र त्यांनी मान हलवल्याशिवाय दुसऱ्या कोणाला भरता येत नाही.)

गिदोन वारल्यानंतर त्याचा एक मुलगा, अबीमलेख, शखेम येथे आपल्या आजोळी गेला आणि मामांना म्हणाला, ‘मी तुमच्याच हाडामांसाचा आहे.’ भावकीचे हे आवाहन लगेच लागू पडले. शखेमकरांनी आपल्या बआल-बरीथ या दैवताच्या देवळातून सत्तर रुपये, म्हणजे चांदीची नाणी, काढून त्याला दिली. त्या पैशातून त्याने गावोगावची रिकामटेकडी माणसे भाड्याने घेतली आणि आपल्या सावत्र भावांची कत्तल केली. सर्वांत धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. पुढे तोच गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला आणि खाली जमलेल्या शखेमकरांना त्याने एक गोष्ट ऐकवली.

झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघाली. ती जैतुनाकडे गेली, तेव्हा जैतून म्हणाले, मी माझे तेल सोडून झाडांवर डोलत बसू काय? अंजिराने आपल्या गोडव्याचे आणि द्राक्षवेलीने आपल्या रसाचे कारण सांगितले. शेवटी झाडे काटेझुडपाकडे गेली. ते एका पायावर तयार होते. ‘या, माझ्या सावलीला बसा,’ ते म्हणाले, ‘नाहीतर माझ्यातून अग्नी निघून लबानोनाचे गंधसरू वृक्ष भस्म होतील.’ ज्याची सावली शेळीच्या करडालाही पुरायची नाही, त्याने सावलीचे आमंत्रण द्यावे आणि त्याच दमात आगीची धमकीही द्यावी, हे ज्याने लिहिले त्याने निवडणुकीचा प्रचार जवळून पाहिला असला पाहिजे.

या गोष्टीचा अर्थ लावताना अभ्यासकांत दोन तट आहेत. काहींच्या मते ही राजेशाहीचीच थट्टा असून गुणी झाडांनी योग्य तेच केले. दुसऱ्यांच्या मते दोष गुणी झाडांचाच आहे, कारण त्यांनी अंग काढून घेतले म्हणून झुडपाचे फावले. मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या वडीलधाऱ्यांच्या एका सवयीत आहे. राजकारण हे जगाचे काम, विश्वासणाऱ्याने त्यापासून लांब राहावे, असे ते सांगत आणि योहानाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचा दाखला देत. लोक आपल्याला बळजबरीने राजा करणार हे ओळखून येशू एकटाच डोंगरावर निघून गेला, असे तिथे लिहिले आहे. दाखला खरा आहे. पण त्याच अध्यायात, डोंगरावर जाण्यापूर्वी, त्याने पाच हजारांच्या जमावाला गवतावर बसवून पोटभर जेवू घातले होते. त्याने टाळला तो मुकुट. भाकरीचा प्रश्न त्याने टाळला नव्हता.

खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मुलांवर माया करणारे साने गुरुजी १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी टिपून घेतली, आणि १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले तेव्हा त्यासाठी ते खेडोपाडी फिरले. गोडवा सोडावा लागेल म्हणून हे अंजिराचे झाड घरी थांबले नाही, आणि गोडवा गेलाही नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही मला याच रांगेतले वाटतात. पुढे २०२० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हे धर्मगुरू हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, आणि तेही मते मागण्यासाठी नव्हे.

उलट टोकाचे उदाहरणही फार लांबचे नाही. जानेवारी २०२१ मध्ये सरपंचपदाच्या लिलावाच्या तक्रारींवरून राज्य निवडणूक आयोगाने दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. त्यांतले एक गाव नाशिक जिल्ह्यातले आणि दुसरे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले होते. बोलीचा पैसा देवळाच्या कामाला जाणार, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. शखेमला देवळातून पैसा निघाला आणि सत्ता विकत घेतली गेली. इथे सत्तेच्या बोलीतून देवळाकडे पैसा येणार होता. दिशा उलटी असली तरी देवाच्या नावाने झालेला व्यवहार तोच.

देवळाकडे बोट दाखवून आम्ही ख्रिस्ती लोकांनी हात झटकावेत, असे मात्र मुळीच नाही. नवापूरकडच्या एका लहान प्रार्थनामंदिरात मी उपदेशासाठी गेलो होतो. तिथे निळ्या प्लॅस्टिकच्या नव्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर एका उमेदवाराचे नाव पांढऱ्या रंगात छापलेले होते. प्रभूची प्रार्थना म्हणताना ज्याने डोळे मिटले नाहीत, त्याला समोर तेच नाव दिसत होते. पाळकांनी ते ब्लेडने खरवडून पाहिले होते. रंग निघाला, पण अक्षरांचे ओरखडे उरले, आणि ओरखड्यांतही नाव नीट वाचता येत होते. खुर्च्या परत कराव्यात असे मी सुचवले. त्यावर एक आजीबाई म्हणाल्या, ‘परत केल्या तर माझ्या गुडघ्यांचं काय, भाऊ?’ मला उत्तर देता आले नाही, आणि आजही माझ्याजवळ ते नाही.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी अशी नव्या करारात प्रेषित पौलाची आज्ञा आहे आणि ती आम्ही दर रविवारी पाळतो. मात्र मत कोणाला द्यावे हे वेदीवरून सांगितले जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याला ते सांगायचे असेल त्याने झगा उतरवून ग्रामसभेत यावे, चटईवर इतरांच्या बरोबरीने बसावे आणि नळाच्या पाण्याचा, घरकुलांच्या यादीचा हिशेब विचारावा. आमच्या आदिवासी पट्ट्यात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला पुष्कळ अधिकार दिलेले आहेत, आणि तरीही चार शिकलेली माणसे त्या दिवशी नेमकी तालुक्याला निघून जातात.

अबीमलेखाचे पुढे काय झाले तेही सांगतो. तेबेस गावच्या बुरुजाला तो आग लावायला गेला, तेव्हा वरून एका बाईने जात्याची, आपल्याकडे जिला घरोट म्हणतात त्याची, वरची तळी त्याच्या डोक्यावर टाकली. मरता मरता त्याने आपल्या शस्त्रवाहकाला सांगितले, ‘मला तलवारीने मार, नाहीतर बाईने मारले असे लोक म्हणतील.’ लोकांनी म्हणायचे ते म्हटलेच. त्या बाईचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

नमस्कार.