वादळ येतंय? टॉर्च नंतर शोधा, आधी जनरेटर घराला जोडायची ती दोन प्लगांची वायर घरातून काढा!

नमस्कार मंडळी! मे महिना लागला की माझ्या इनबॉक्समध्ये दोनच गोष्टी येतात. एक, मानकुराद आंबा डझनाला केवढ्याला मिळाला. दुसरी, अरबी समुद्रावरच्या जांभळ्या-लाल भोवऱ्याचा स्क्रीनशॉट आणि खाली प्रश्न, "ताई, हा गोव्यावर येतोय का?"

मला नाही माहीत! मी हवामान खातं नाही. आणि दहा दिवसांनंतरचा भोवरा बघून त्या ॲपलाही पक्कं काही माहीत नसतं. तो संगणकाचा एक अंदाज असतो आणि संध्याकाळी तोच भोवरा ओमानकडे वळलेला दिसतो. स्क्रीनशॉट मात्र आठवडाभर ग्रुपवर फिरत राहतो. हवामान खात्याच्या पद्धतीत पहिली पूर्वकल्पना साधारण ७२ तास आधी मिळते, मग ४८ तास आधी अलर्ट, मग २४ तास आधी वॉर्निंग. ती वाचा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हला. रेड आल्यावर बाजारात पिशवी घेऊन निघालात तर तुम्हाला उशीर झालाय.

आता दरवर्षीची ती कमेंट. "गोव्यात कुठे वादळं येतात, ही परशुरामाची भूमी आहे." दादा, भूमी परशुरामाचीच आहे, पण नोव्हेंबर २००९ मधलं फयान आठवतंय का? आणि १६ मे २०२१, रविवार, तौक्ते? त्याचं केंद्र गोव्याच्या किनाऱ्याला टेकलंसुद्धा नाही. ते समुद्रातूनच वर सरकलं आणि दुसऱ्या रात्री सौराष्ट्रात जमिनीवर चढलं. तरी आपल्याकडे दोन माणसं गेली, झाडं आडवी झाली, घरांवर माड पडले, खांब मोडले. मुद्दा हाच आहे. वादळ आपल्या दारात यावं लागत नाही, बाजूने गेलं तरी पुरतं.

आणि वारा किती वेळ होता? एक रात्र, एक दिवस धरा. पण वीज? आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कितीतरी दिवस नव्हती. गोव्याची वीज बाहेरून, मोठ्या लाइनवरून येते आणि गावात ती माडा-आंब्यांच्या मधून फिरते. एकेक झाड कापत, एकेक तार ओढत लोक किती वेगाने पुढे जाणार? म्हणून मी तयारी म्हणते तेव्हा ती वाऱ्यापेक्षा नंतरच्या अंधाराची.

साधी यादी पटापट सांगते, ती तुम्हाला माहीतच आहे. टॉर्च, मेणबत्त्यांपेक्षा बॅटरीचे दिवे, औषधं, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ. रोख पैसे, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. गाडीत पेट्रोल, कारण पंपालाही वीज लागते. गॅसचा सिलिंडर भरलेला हवा, इंडक्शनवाले आधी उपाशी राहतात. खाण्याची काळजी गोव्यात कोणी कोणाला शिकवू नये. मे महिन्यात आपल्या घरात सुकं मासळी, आमसुलं, मिरच्या, पापड, फणसाची साठं असतात, पावसाळ्याची बेगमी झालेलीच असते. फ्रीजचं एक लक्षात ठेवा. दार उघडलं नाही तर आतला माल चारेक तास धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवससुद्धा. पण आमच्याकडे वीज गेली रे गेली की प्रत्येक जण "बघूया आत काय खराब होतंय" म्हणून दार उघडून उभा!

पाणी. इथे थोडी थांबते. "आमची विहीर आहे, आम्हाला पाण्याची काय चिंता" असं म्हणणारे सगळ्यात आधी अडकतात. विहिरीत पाणी असतं, पण ते वर चढवतो पंप, आणि पंपाला वीज लागते. एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू होताना जेवढा करंट खेचतो, तेवढा घरचा साधा इन्व्हर्टर देत नाही. तेव्हा ऑरेंज अलर्टलाच वरची टाकी काठोकाठ भरा. त्यात दुसरा फायदा आहे. ५०० लिटरची टाकी भरली की ५०० किलोची होते, ती जागची हलत नाही. रिकामी टाकी उडून दुसऱ्याच्या कौलांवर जाते, मी बघितलीय. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं माणशी दिवसाला चार लिटर वेगळं भरून ठेवा. आणि रहाटाची दोरी कुजलेली आहे का तेही आत्ताच बघा. बहुतेक घरांत रहाट शोभेला राहिलाय.

इन्व्हर्टरचा हिशेब बऱ्याच जणांनी विचारलाय. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. हातात पडतात साधारण १,२०० ते १,३००. साधे दोन पंखे ७५-७५ वॉटचे, चार एलईडी, वायफाय, झाले २०० वॉट. म्हणजे सहा तास. रात्री अकराला वीज गेली तर पहाटे पाचला तुम्ही घामाघूम, आणि मग बॅटरी चार्ज करायला वीजच नाही! पहिल्या रात्री सगळं वापरून टाकू नका. एक पंखा, एक दिवा, सगळ्यांनी एकाच खोलीत. भांडणं होतील, होऊ देत.

हां. आता ज्यासाठी कॅमेरा लावलाय ते.

(हातात वायर धरून) ही बघा. दोन्ही टोकांना प्लग. ही माझी नाही, ओळखीच्या एका घरातून मागून आणलीय, आणि परत देणार नाहीये. छोटा जनरेटर आणायचा, वायरचं एक टोक त्याच्यात खुपसायचं, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. झालं, सगळं घर उजळलं! मागच्या व्हिडिओखाली एकाने अभिमानाने लिहिलं होतं, "पाचशे रुपयांत काम, चेंजओव्हरची गरज नाही." (चेंजओव्हर म्हणजे मेन आणि जनरेटर यांतलं एकच निवडणारा स्विच.) त्याला दीडशे लाइक्स. मला त्या लाइक्सची भीती वाटते.

माझा मामेभाऊ लाइनमन आहे. तौक्तेनंतर तो घरी यायचा तेव्हा कपाळापर्यंत चिखल, आणि येऊन जेवायच्या आधी झोपायचा. तो सांगतो, "लाइन बंद आहे हे मला कागदावर कळतं, पण गावात कोणाच्या घरात काय चालू आहे ते कळत नाही." आता नीट ऐका. तुमच्या दारावरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्ट घेतो आणि तुमच्यासाठी २३० करून देतो. पण त्याला दिशा कळत नाही. तुम्ही तुमच्या सॉकेटमधून २३० उलटे ढकललेत, तर तो त्यांचे परत हजारो व्होल्ट करू शकतो. आणि त्या "बंद" लाइनवर, पलीकडच्या वाड्यात, खांबावर माणूस चढलेला असतो.

यावर हुशार लोकांचं उत्तर ठरलेलं. "अहो ताई, एवढा लोड आला तर जनरेटर ट्रिपच होईल." बरोबर, सगळा वाडा जोडलेला असेल तर होईलही. पण वादळानंतर वाडा जोडलेला असतो कुठे? तार तुमच्या खांबापाशीच तुटलीय, म्हणजे लोड नाहीच. मग जनरेटर मजेत चालू राहतो आणि तुटलेलं टोक रस्त्यावरच्या पाण्यात जिवंत पडलेलं असतं. सकाळी तिथून पदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन जातो, पोरं वादळात पडलेले आंबे वेचायला जातात.

बरं, दुसऱ्यांचं सोडा, स्वतःच्या घरात बघा. या वायरचं एक टोक जनरेटरमध्ये आहे, दुसरं निसटून खाली पडलं. आता या उघड्या पितळी दांड्यांत २३० व्होल्ट आहेत, आणि त्या कोणाच्या पायाशी आहेत ते अंधारात दिसत नाही. साध्या प्लगच्या दांड्या सॉकेटमधून काढल्या की मेलेल्या असतात, म्हणून आपण बिनधास्त हात लावतो. हाताची ती सवयच इथे घात करते. आणि जनरेटर चालू असताना मेन सप्लाय आला, तर दोन वेगळ्या विजा एकमेकींवर आदळतात. जनरेटर गेला, बोर्ड गेला, नशीब फिरलं तर घर पेटलं.

"मेन स्विच बंद करून मग वायर लावतो, मग तर चालेल?" नाही. हा तिसरा प्रश्न आणि सगळ्यात जास्त विचारलेला. मेन बंद आहे हे तुमच्या डोक्यात असतं. सासऱ्यांच्या डोक्यात नसतं. ते शेजारच्या घरात दिवे बघतात, "आमचाच कसा आला नाही" म्हणून बोर्डाकडे जातात आणि खटका वर करतात. माणसाच्या आठवणीवर एखाद्याचा जीव टांगून ठेवायचा का? चेंजओव्हर स्विच असतो तो याचसाठी. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, एकतर मेन, नाहीतर जनरेटर. विसरलात तरी तो विसरत नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आत्ता, कोरड्या दिवसांत लावून घ्या. वादळाच्या आदल्या दिवशी तो फोन उचलणार नाही.

तेवढे पैसे नाहीत? चालेल. मग जनरेटरवरून सरळ एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, त्यात फ्रीज लावा, मोबाइल लावा, एक पंखा लावा. घराच्या वायरिंगला हात लावू नका. शेजाऱ्याकडून वीज घेतानाही तेच, त्याच्या घरातून आलेली वायर तुमच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये घुसवायची नाही. ज्यांचा इन्व्हर्टर नीट बसवलेला आहे त्यांनी घाबरू नका, तो मेनपासून स्वतः तुटतो. हे लिहून ठेवते, कारण व्हिडिओ संपायच्या आत कमेंट येणार, "म्हणजे इन्व्हर्टर पण काढू का?"

आणि जनरेटर बाहेर म्हणजे बाहेर. बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, हे बाहेर नाही! त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. पाऊस लागतो म्हणून तो सोप्याजवळ आणून खिडकी उघडी ठेवणारे मला माहीत आहेत. लांब ठेवा, धुराचं तोंड घरापासून उलटं. पाऊस लागत असेल तर बंद ठेवा.

वाऱ्याचे तास कसे काढायचे ते थोडक्यात. जुन्या घरात सगळीकडे मंगळुरी कौलं असतात, पण न्हाणीघर किंवा मागची नवी खोली स्लॅबची असते. तिथे बसा, खिडकीपासून लांब. काचेवर चिकटपट्टीचा क्रॉस मारू नका, काच तरी फुटतेच, उलट मोठे तुकडे पडतात. त्यापेक्षा झडप नीट लावा. पाडेली, म्हणजे माडावरून नारळ उतरवणारे, गावात असतानाच माडावरचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या. वाऱ्यात सुटलेला नारळ कुठे पडेल याचा नेम नाही. गाडी आंब्याखाली नको. सावलीची इतकी सवय आहे आपल्याला की वादळातसुद्धा सावली शोधतो.

मधेच वारा एकदम पडला तर अंगणात फोटो काढायला धावू नका. केंद्र डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने येतो, आणि एका बाजूने हललेली झाडं दुसऱ्या बाजूने पडतात. वादळ खरंच थांबलं असं आधी रेडिओवर ऐका, आकाशवाणी पणजी लावा, मग बाहेर पडा.

फोनचं एक. टॉवरची स्वतःची बॅटरी असते, तीही संपते. म्हणजे पहिल्या काही तासांत नेटवर्क असेल आणि दुसऱ्या दिवशी नसेल. मुंबईच्या, दुबईच्या नातेवाइकांना "आम्ही ठीक आहोत" हा मेसेज आधीच टाका, व्हिडिओ कॉल करत बसू नका. ११२ पाठ असू दे. तुटलेली तार दिसली तर १९१२ वर कळवा. काठीने, चपलेने, "बघू जिवंत आहे का" म्हणून हलवू नका. मामेभावाच्या भाषेत सांगायचं तर, तारेकडे बघून ती मेली आहे की जिवंत हे लाइनमनलासुद्धा कळत नाही, म्हणून तर तो टेस्टर घेऊन फिरतो.

शेवटची गोष्ट, फोंड्याच्या एका काकांनी विचारलेली. गोठ्यावर माड पडला तर आधी काय? काका, जनावरं सोडवा, माणसं बाजूला करा, मग माड कापायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा. पंचायतीला आणि तलाठ्याला कळवा, पंचनामा झाला तर मदतीचा अर्ज मामलेदारांकडे जातो. सगळं साफसूफ करून मग गेलात तर दाखवायला काही उरत नाही. आणि कापताना फांदी तारेवर टेकली असेल, तर कोयता खाली ठेवा आणि लाइनमनची वाट बघा.

ही वायर मी आता या कटरने मधोमध तोडतेय. ज्यांची आहे ते हा चॅनेल बघतात. वहिनी, रागावू नका, एक्स्टेन्शन बोर्ड मी आणून देते.