साण्यातला कवडसा

(दृश्य: पहाट. दवाखान्याचा जिना, एकच ट्यूबलाइट.)

पहाटेचे साडेपाच. लातुरातला एक मोठा दवाखाना. जिन्याखाली, जिथं एरवी मोडक्या खुर्च्या रचून ठेवतात, तिथं एकानं चादर अंथरून फजरची नमाज सुरू केली आहे. वर आयसीयूबाहेर एक बाई भिंतीकडं तोंड करून हनुमान चालिसा पुटपुटतेय. पलीकडच्या बाकावर एका आजोबांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलंय. मधूनच चहाची किटली जाते, झाडू जातो, कोणाचा तरी मोबाइल वाजतो.

या माणसांसाठी प्रार्थनेची एक खोली करायची आहे. वीस-पंचवीस जण बसतील एवढी. ती अजून बांधलेली नाही. तुम्ही पाहाल ते कागदावर आणि पुठ्ठ्यात आहे. आराखड्याचं काम माझ्याकडं आलं, म्हणून बोलतोयही मीच.

पहिल्याच बैठकीत ती सूचना आली, जी अशा ठिकाणी हमखास येते. भिंतीवर सगळ्या धर्मांची चिन्हं ओळीनं लावा. ओम, चांदतारा, क्रूस, धम्मचक्र, शिखांचा खंडा. पाच मिनिटांत वाद सुरू झाला, मधोमध कोण? मग कोणीतरी म्हणालं, जैनांचं राहिलं. मी वहीत लिहून ठेवलं: भिंत कोरी.

(दृश्य: टेबलावर नकाशा, त्यावर पेन्सिलीची रेघ.)

चिन्हं काढून टाकली तरी दिशा उरतेच. लातूरहून मक्केकडं किब्ल्याची, म्हणजे नमाजाची, दिशा काढली, तर ती पश्चिमेपासून साधारण 11 अंश उत्तरेला सरकते. आपल्या घरातल्या देवपूजेला पूर्वेकडं तोंड करून बसायची सवय. चर्चची वेदीही परंपरेनं पूर्वेलाच. बुद्धवंदनेला बसणारा मूर्तीसमोर बसतो, मूर्ती कुठंही असो. इष्टलिंगवाल्या आजोबांचं सगळ्यांत सोपं, त्यांची दिशा त्यांच्या तळहातावर. पण खोलीला आपण एक 'पुढची बाजू' दिली, की कोणाला तरी तिरकं बसावं लागणार.

तेव्हा ठरवलं, उजेड बाजूनं घ्यायचाच नाही. वरून घ्यायचा.

आणि वरून म्हटल्यावर मराठवाड्याच्या माणसाला दुसरं काही शिकवावं लागत नाही. माळवदाचं घर. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, रस्त्याकडं खिडकी नाही, वर तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. अशा घरात उजेड यायचा तो छतातल्या वीतभर भोकातून. त्याला साणं म्हणतात, काही गावांत सवणं. पाऊस आला की पोरांना माळवदावर पिटाळायचं आणि त्यावर पत्रा नाहीतर घमेलं पालथं घालायचं. साण्यातून आलेला कवडसा दिवसभर घरातून फिरायचा. तो उतरंडीपाशी आला की आजी चूल पेटवायची. घड्याळ होतं, पण ते बैठकीत.

साण्याबद्दल फार हळवं होण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली आणि हीच माळवदं खाली आली. मातीत रचलेले गोलसर दगड, भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांना बांधलेले नाहीत, वर मणामणाचा मातीचा बोजा. हजारो माणसं आपल्याच छताखाली गेली. त्यामुळं आम्ही माळवदातलं फक्त भोक घेतलंय. भिंत काळ्या दगडाचीच, पण सिमेंटात, जोत्याला, दारावर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे फिरवलेली, छत पातळ.

(दृश्य: वेरूळ. लेणी क्रमांक 10, आतून.)

एक दिवस वेरूळला जाऊन बसलो. चौतीस लेणी: पहिली बारा बौद्ध, मग सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. एकाच डोंगराच्या एकाच उतारावर. दहाव्याला लोक सुतार लेणं म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारखे दगडी वासे कोरलेत. डोंगराचं तोंड पश्चिमेला. वरच्या सज्जामागच्या खिडकीतून दुपार कलल्यावर ऊन आत सरकतं आणि मार्चच्या दहा तारखेच्या आसपास थेट बुद्धापर्यंत पोचतं. बाकी वर्षभर मात्र आत नुसता मंद, परतलेला उजेड. मला तोच जास्त आवडला. पण हे कोरणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं, समोर कोण बसलंय. आम्हाला ती सोय नाही.

(दृश्य: गच्ची. पुठ्ठ्याचं मॉडेल, आत मोबाइल.)

मॉडेल गच्चीवरच का तपासायचं, याला कारण आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला सर्व धर्मांसाठी खुलं असलेलं एक अष्टकोनी प्रार्थनागृह आहे, रोथको चॅपल. आत मार्क रोथको या चित्रकाराची 14 गडद चित्रं. ती त्यानं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत केली, छतातल्या काचेखाली पॅराशूटचं कापड ताणून, उजेड मऊ करून. 1970 मध्ये तो गेला, 1971 मध्ये वास्तू उघडली, आणि ह्यूस्टनच्या उन्हानं चित्रं भगभगून निघाली. मग छताखाली कापड लावा, पडदे टांगा, असं अनेक वर्षं चाललं. 2020 मध्ये छताची काचच नव्यानं केली तेव्हा कुठं जमलं.

लातूरचं ऊन तर ह्यूस्टनच्याही वरचं. आपण 18.4 अक्षांशावर. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आमच्या पहिल्या मॉडेलमध्ये मधोमध एक मोठं गोल भोक होतं. दिसायला झकास. मे महिन्यात दुपारी खालच्या फरशीवर पांढरं तापलेलं वर्तुळ, आणि बाकी खोली डोळ्यांना काळीकुट्ट. कोण बसणार तिथं?

दुसऱ्या खेपेला भोकावर उत्तरेकडं उघडणारी टोपी चढवली, आतून चुना. उजेड दोनदा आपटून खाली येतो. उत्तरेचा उजेड थंड, असं पुस्तकात असतं. पण ती पुस्तकं थंड देशांतली. आपल्याकडं मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यच उत्तरेला झुकलेला असतो. त्यामुळं टोपीला खोल पडवी द्यावी लागली. आता उजेड सारखा, शांत झाला. आणि खोली बँकेच्या शाखेसारखी दिसायला लागली.

तिथं मला साणं परत आठवलं. टोपी राहू दिली, पण शेजारी वीतभर भोक ठेवलं, थेट उन्हासाठी. छत 5 मीटरवर आहे. डिसेंबरात भर दुपारी त्यातला कवडसा साण्याच्या साडेचार मीटर उत्तरेला पडतो. जूनमध्ये जेमतेम अर्धा मीटर, तोही दक्षिणेला. सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर, संध्याकाळी पूर्वेच्या. कोणाच्याही समोर तो मुक्कामाला नाही. समितीतल्या एकांनी सुचवलं, फरशीवर सणांच्या तारखा कोरून ठेवू, त्या दिवशी कवडसा तिथं येईल. मी नको म्हटलं. पुन्हा तेच, मधोमध कोण.

खालूनही थोडा उजेड हवा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत एरो सारिनेननं 1955 मध्ये विटांचं गोल चॅपल बांधलं, भोवती पाण्याचा खंदक. पाण्यावरून उसळलेलं ऊन भिंतीच्या पायथ्यातून आत थरथरतं. सुंदर कल्पना. पण 2016 मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उजेडासाठी पाणी साठवायचं मी बोलूही शकत नव्हतो. भिंतीच्या पायथ्याशी हातभर फट ठेवलीय आणि बाहेर पांढऱ्या गोट्यांचा पट्टा. थरथर येत नाही. उजेड येतो.

(दृश्य: मॉडेलभोवती माणसं. दवाखान्याचा वॉचमन वाकून आत बघतो.)

परवा सगळ्यांना मॉडेल दाखवलं. डॉक्टरांनी खर्च विचारला, मौलवींनी चपला काढायची जागा, नर्सताईंनी रात्री आतून कडी लागते का ते. कडी लागत नाही, लावायचीच नाही. वॉचमनमामा शेवटपर्यंत गप्प होते. मग साण्यावरच्या काचेवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, आपल्याकडं धुरळा किती उडतो. ही पुसायची कोणी?"

नकाशात आता मागच्या भिंतीला एक लोखंडी शिडी वाढली आहे.