टाचणी शोधता शोधता गायचं: ऑपेराचे कोच नेमकं काय शिकवतात

मोत्झार्टच्या 'द मॅरेज ऑफ फिगारो' या ऑपेराचा चौथा अंक सुरू होतो तेव्हा रात्र असते आणि बार्बरीना नावाची एक पोरगी जमिनीवर काहीतरी शोधत असते. हरवलंय काय, तर एक टाचणी. सरदारानं तिच्याकडे सोपवलेली, जिला द्यायची तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच हिनं हरवलेली, आणि आता ती जाम घाबरलीय. गाणं छोटंसं आहे, दोनेक मिनिटांचं. १७८६ साली व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला तेव्हा ही भूमिका ॲना गॉटलिब नावाच्या बारा वर्षांच्या मुलीनं केली होती, आणि पुढे पाचच वर्षांनी तिनं मोत्झार्टच्याच 'मॅजिक फ्लूट'मध्ये पामीना ही नायिकेची भूमिकाही गायली.

आज हेच गाणं जगभरच्या संगीत शाळांत तरुण सोप्रानोंना, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या मुलींना दिलं जातं. सोपं वाटतं ना? आता अडचण बघा. टाचणी जमिनीवर आहे म्हणजे खाली बघायला हवं, खाली बघितलं की मान वाकते, मान वाकली की गळा आवळला जातो आणि आवाज प्रेक्षकांकडे जायच्या ऐवजी फरशीकडे जातो. दिग्दर्शक म्हणतो नीट शोध, खोटं वाटतंय. आवाजाचे सर म्हणतात मान वर. आणि खाली ऑर्केस्ट्रापुढे उभा असलेला कंडक्टर म्हणतो, अगं माझ्याकडे बघ. तिघंही बरोबरच सांगतायत आणि मुलगी एकच आहे.

कोचचं खरं काम इथून सुरू होतं.

चांगला कोच काय करतो, तर आधी गाणं बंद करतो. नुसता शोध म्हणतो. मुलगी गुडघ्यावर बसते, हातानं चाचपते. मग तेच शब्द बोलून दाखव म्हणतो, लय नाही, सूर नाही, घाबरल्यावर तू कशी बोलशील तसं. मग पियानोवर परत सुरुवात, आणि आता तो तिला दाखवतो की या गाण्यात मोत्झार्टनं ओळींच्या मधे मधे छोट्या मोकळ्या जागा ठेवल्यायत. शोधायचं तिथं. गाताना नजर खाली जाऊ दे, डोकं नको. आणि श्वास... श्वास गायच्या तयारीसाठी नाही घ्यायचा, 'इथंही नाहीये' हे कळल्यावर माणूस जो दचकून श्वास घेतो ना, तोच गाण्याचा श्वास. फक्त दचकताना खांदे वर उचलायचे नाहीत, तो बरगड्यांत आणि पोटात खोल जाऊ द्यायचा. एवढं एक जमलं की अभिनय आणि आवाज हे दोन वेगळे विषय उरतच नाहीत, एकाच श्वासात दोन्ही बसतात. मला विचाराल तर ऑपेराच्या सगळ्या ट्रेनिंगचं मर्म यात आहे, बाकी सगळं त्यानंतर.

आता ही मंडळी असतात कोण? एक असतात व्हॉइस टीचर, ते आवाज घडवतात. दुसरे कोच, ते पियानोवर बसतात आणि भूमिका बसवून घेतात. ऑपेरात यांना रेपेटिटर म्हणतात. अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम दोन हातांनी पियानोवर करायचं, समोरच्या पात्राच्या ओळी स्वतःच्या फाटक्या आवाजात गायच्या, आणि हे करता करता विद्यार्थ्याची प्रत्येक चूक पकडायची, हे सोपं नाहीये हो. अंतोनियो पापानो लंडनच्या रॉयल ऑपेराचे वीसहून जास्त वर्षं म्युझिक डिरेक्टर होते, त्यांची सुरुवात अशीच झाली, वडील गाणं शिकवायचे आणि हा पोरगा पियानोवर साथ करायचा. शिवाय उच्चारांचे कोच वेगळे, कारण इटालियन, जर्मन, फ्रेंच, रशियन, चेक सगळ्यात गायचं असतं, आणि अभिनय, हालचाल, तलवारबाजीचे वेगळे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा १९८० साली सुरू झालेला तरुण कलाकारांचा प्रोग्रॅम किंवा सॅन फ्रान्सिस्कोचा १९५७ पासूनचा मेरोला प्रोग्रॅम, अशा ठिकाणी हे सगळं एका छताखाली मिळतं. बाकीच्यांना प्रत्येक तासाचे पैसे मोजून आपलं आपण जुळवावं लागतं, आणि कित्येक चांगले आवाज तिथंच अडकतात हे वाईट आहे.

बरं, इतकी माणसं लागतात कशाला? कारण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज खरा ऐकूच येत नाही. आपला आवाज आपल्याला हवेतून जसा येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, त्यामुळे आत जो भरदार, गोल वाटतो तो बाहेर दबलेला असू शकतो, आणि आत जो कर्कश वाटतो तो शेवटच्या रांगेपर्यंत छान पोचत असतो. तरुण गायक आतला सुंदर आवाज धरून बसतो. तो सोडायचा तर बाहेरच्या कानावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो बसायला वर्षं जातात.

आणि माईक नाही हे विसरू नका. मेट्रोपॉलिटनमध्ये जवळपास ३,८०० लोक बसतात आणि मधे अख्खा ऑर्केस्ट्रा वाजत असतो. तरी एकटा माणूस ऐकू येतो कसा, तर जोरात ओरडून नाही. ऑर्केस्ट्राचा जोर असतो साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास, वर तो कमी कमी होत जातो. कमावलेल्या आवाजात, खास करून पुरुषांच्या, ३,००० हर्ट्झच्या आसपास एक जास्तीची चमक तयार होते, स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी यावर खूप काम केलंय. तिथं ऑर्केस्ट्राची गर्दी कमी, त्यामुळे आवाज आरपार जातो. सोप्रानोंचं गणित निराळं, त्या खूप वर गातात तेव्हा जबडा उघडावाच लागतो, उच्चारातले स्वर एकमेकांत मिसळतात, 'इ' आणि 'आ'मधला फरक पुसट होतो. म्हणजे ज्या क्षणी भावना सगळ्यात तीव्र, त्याच क्षणी चेहरा सगळ्यात कमी मोकळा! मग दुःख दाखवायचं कुठून? डोळ्यांतून, पाठीतून, उभं राहण्यातून. अभिनयाचा कोच हे शिकवतो.

आवाजाच्या शिक्षकांत मान्वेल गार्सिया हे नाव घ्यायलाच हवं. १८५४ साली आरशांच्या मदतीनं त्यांनी स्वतःच्या गळ्यातल्या स्वरतंतूंची हालचाल बघितली, ते गाण्याचे शिक्षक होते, डॉक्टर नव्हते. पण त्यांची मला जास्त भावते ती दुसरी गोष्ट. १८४१ मध्ये स्वीडनची जेनी लिंड पॅरिसला त्यांच्याकडे आली, वय वीस, आवाज दमून गेलेला. त्यांनी लगेच शिकवायला घेतलं नाही, आधी काही आठवडे गाणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं. नंतर ती युरोपभर गाजली. विद्यार्थ्याला 'आत्ता नाही' म्हणता येणं ही कोचची फार मोठी गोष्ट असते, कारण बाविशीतला दणकट आवाज ऐकला की थिएटरवाले लगेच जड भूमिका घेऊन येतात आणि पोराला वाटतं हीच संधी. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतल्या मोठ्या भूमिका पेलायला आवाज पिकावा लागतो, त्याला तिशी उलटते. घाईनं घेतल्या तर आवाज थरथरायला लागतो, वरचे सूर जातात, आणि मग सावरणं अवघड.

अभिनयाच्या बाजूला मॉस्कोत नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कींनी १९१८ पासून बोल्शॉय थिएटरच्या तरुण गायकांबरोबर काम केलं, १९२२ मध्ये चायकोव्स्कीचा 'यूजिन अनेगिन' हा ऑपेरा तर चक्क घरातल्या हॉलमध्ये बसवला. त्यांचा आग्रह साधा होता, हालचाल संगीतातून यायला हवी आणि अंगात कुठं विनाकारण ताण नको. शंभर वर्षांनी तो जास्तच लागू पडतो, कारण ३० डिसेंबर २००६ पासून मेट्रोपॉलिटनचे प्रयोग थेट सिनेमागृहात दिसायला लागले आणि कॅमेरा तोंडाजवळ आला. लांबून न दिसणारं सगळं आता दिसतं, थरथरती जीभ, ताठ मान, कंडक्टरकडे चोरून गेलेली नजर.

प्रीमियर जवळ आला की कोच पियानो सोडून प्रेक्षागृहात मागे जाऊन बसतो आणि लिहीत सुटतो. दुसऱ्या अंकात 'र' ऐकू येत नाही. इथं ऑर्केस्ट्राच्या आधी निघालीस. पत्र वाचताना पान उलटायला उशीर. तालमीनंतर हे कागद ड्रेसिंग रूममध्ये पोचतात. नीट बघितलं तर त्यात फक्त शब्द, ताल आणि जागा यांच्याच सूचना असतात. आदल्या रात्री गळ्याबद्दल, श्वासाबद्दल जाणता कोच चकार शब्द काढत नाही, कारण तेव्हा सांगितलेलं अंगात मुरत नाही, नुसतं डोक्यात घोळत राहतं. ते प्रयोग संपल्यावर, पुढच्या क्लासला.